दोन गाठींची वायर

शेवटच्या दिवशी दादाला गाडीत बसवायला दोघी लागल्या. वहिनीने काखेत हात घालून धरलं, धाकटीने पाय उचलून आत ठेवले. गाडी दोन सीटची, जुनी, जमिनीला टेकलेली, धडधाकट माणसालासुद्धा तिच्यात बसताना कंबर मोडून घ्यावी लागायची. बसल्यावर दादाने जरा दम खाल्ला आणि म्हणाला, "हं, टेलरबाई, लागा कामाला."

टेलरबाई म्हणजे धाकटी, त्याची बहीण. गल्लीच्या तोंडाशी तिचं शिलाईचं दुकान, एक मशीन आणि एक आरसा. दादा गाड्यांचे मीटर दुरुस्त करायचा. स्पीडचा काटा अडकला, पेट्रोलचा काटा थापा मारायला लागला की लोक त्याच्याकडे यायचे. गॅरेजवाले त्याला काटेवालाच म्हणायचे. तीस वर्षं त्याने लोकांचे काटे हलवले आणि मग त्याचीच बोटं हलेनाशी झाली. नसांचा आजार. आधी बोटं, मग दंड, मग मान. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सगळं नीट समजावलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, तेव्हा धाकटीला कळलं, ह्याच्यापुढे काही नाही.

ही लाल गाडी त्याची स्वतःची. भंगारात निघालेली आणली होती, सुट्टीच्या दिवशी बसून बसून आठ वर्षांत उभी केली. आता चालवायची हौस राहिली नव्हती. त्याला एवढंच पाहिजे होतं, की एकदा तिच्यात बसायचं, इंजिन चालू करायचं आणि इंजिन तापताना हीटचा काटा चढताना बघायचा. पण ऑइल, हीट आणि पेट्रोल हे तीन छोटे मीटर खाली गिअरपाशी. दादाची मान समोरच्या समोर आखडलेली, खाली म्हणून वळेना. मग त्याने ठरवलं, हे तिन्ही वर घ्यायचे, स्टिअरिंगच्या मागे, नाकासमोर. आणि स्पीडचा मोठा मीटर तिथून काढून बाजूला सारायचा. वहिनी म्हणाली, अहो, मुख्य मीटरच बाजूला? तर म्हणतो कसा, स्पीड बघून काय करू, मी कुठे पळून जाणारे का.

गॅरेजवाल्याने नवा पत्रा भोकं पाडून आणून दिला. बाकी सगळं धाकटीच्या हातांनी. दादा सांगायचा, ती करायची. सुईची सवय असलेले हात, पेचकस धरला की घसरायचा. तो म्हणायचा, हळू, ती कॉलर नाहीये. ती म्हणायची, मग तूच कर. आणि बोलून झाल्यावर पुन्हा पेचकस उचलायची.

आता वायरी. पन्नास वर्षं जुन्या, सगळ्या एकाच मातकट रंगाच्या. दादाचं लिहिण्यावाचण्याशी पहिल्यापासून जमलं नाही, म्हणून त्याची खूण होती दोऱ्याची. वायरीला दोरा बांधायचा, ऑइलला एक गाठ, हीटला दोन, पेट्रोलला तीन. हातात जीव होता तोवर तो स्वतः बांधायचा. ह्या वेळी धाकटीने बांधल्या, तिच्याच दुकानातल्या लाल दोऱ्याने.

ऑइलची वायर आदल्या दिवशीच लागली होती. राहिल्या दोन. धाकटी डॅशबोर्डखाली उताणी पडली होती. मीटर पत्र्यात बसले, स्क्रू घट्ट झाले, सगळं कसं बेतात बसलं. तेवढ्यात तिला वायरींना लोंबणारे दोरे दिसले. कापडाचं काम संपलं की सुटे दोरे कापायचे, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, हे तिच्या डोक्याला विचारून होत नाही, हातच करतात. कात्री गळ्यात होतीच. गाठीसकट दोरे तिने अगदी मुळापासून कापले. आणि बाहेर येऊन तळहात त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"बघ दादा, कसं साफ केलंय."

दादा त्या दोऱ्यांकडे बघत राहिला. ती पण बघायला लागली, दोन गाठींचा एक, तीन गाठींचा एक, आणि मग तिचा हात तसाच राहिला.

"काय केलंस गं," तो म्हणाला. रागावला नाही. रागवायलासुद्धा छातीत वारा लागतो. मग म्हणाला, "राहू दे. कुठली कुठे ते सापडतं. उद्या सांगतो."

ती म्हणाली, आत्ताच सांग ना, लावून टाकते. त्याने डोळे मिटले. वहिनी म्हणाली, वन्सं, दमलेत ते, उद्याचं उद्या. दोघींनी उचलून त्याला घरात आणला.

त्याच दुपारी चार वाजता दादा खुर्चीतच गेला. वहिनी चहा गाळत होती. धाकटी दुकानात एका शर्टाला खिसा लावत होती, तो खिसा पुढे वाकडाच गेला गिऱ्हाइकाकडे.

नंतर धाकटीने त्या दोऱ्यांचं कुणाला सांगितलं नाही. बॉबिनच्या डबीत ते ठेवून दिले. वीस दिवस गाडीकडे गेली नाही. मग वहिनीच एकदा दुकानात आली आणि म्हणाली, वन्सं, त्या दोन वायरी लोंबकळतायत, मला बघवत नाही, लावून टाका. तेव्हा धाकटीला सांगावं लागलं, की कुठली कुठे ते तिला माहीत नाही, आणि का माहीत नाही.

"मला बोलले ते, त्याच दुपारी," वहिनी म्हणाली. "म्हणाले, इतक्या वर्षांत माझं काम एवढं स्वच्छ कुणी करून दिलं नव्हतं."

"कुठली कुठे ते बोलला का?"

"नाही."

मग धाकटीने अंदाजाने लावल्या. दुसरं काय करणार. सीटवर बसली, मान त्याच्यासारखी सरळ ठेवली, किल्ली फिरवली. वहिनी शेजारी. इंजिन खोकलं, मग लागलं. ऑइलचा काटा वर गेला. हीटचा, इंजिन अजून गार असताना, थेट निम्म्यावर जाऊन बसला आणि तिथेच राहिला. पेट्रोलचा तळाशी पडलेला. दोघी बघत बसल्या. पाचेक मिनिटांनी पेट्रोलचा काटा जरासा उचलला. मग अजून जरा. सावकाश चढायला लागला.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "गाडी चालू ठेवली की पेट्रोल वाढतं का हो?"

धाकटीला हसू आलं आणि ते तिला आवरेना, नंतर ते हसू राहिलं नाही. वहिनीने पाठीवर हात ठेवला. काटा चढत होता. इंजिन चांगलं तापलं तेव्हा तो थांबला.

मग धाकटीने किल्ली बंद केली. डॅशबोर्डखाली उताणी शिरली, पेट्रोलच्या मीटरला लावलेली वायर सोडवली, तिला लाल दोरा बांधला आणि दोन गाठी मारल्या. हात सवयीने कात्रीकडे गेला. तिने कात्री गळ्यातून काढून वहिनीकडे दिली.