काजव्यांचं त्याल

श्यामराव माणदेशचा. मेंढरं राखायची सोडून रेल्वेतल्या मेव्हण्यामागं कलकत्त्याला आला आणि सियालदहजवळच्या एका प्रयोगशाळेत हंगामी हरकाम्या म्हणून चिकटला. एकोणीसशे बाहत्तरची गोष्ट.

तिथले साहेब, लाहिडीबाबू, पुरात भिजलेलं भाताचं बी तपासायचे. जिवंत बियांचा अर्क काजव्यांच्या अर्कात पडला, की अंधारात उजेड फुटतो. बी मेलेलं असेल तर जवळजवळ काहीच नाही. उजेड देणाऱ्या त्या द्रव्याला साहेब ल्युसिफेरिन म्हणत. श्यामराव म्हणे, काजव्यांचं त्याल.

सुकवलेल्या काजव्यांची शेपटं तो बर्फात ठेवलेल्या खलात वाळू घालून वाटायचा. असं वाटण दुसऱ्या कुणाला जमत नसे. म्हणूनच साहेब म्हणाले होते, "हा प्रयोग साधू दे, तुझ्या कायम नोकरीचं पत्र लिहितो." शेपटं मात्र संपत आलेली. नवे काजवे थेट पावसाळ्यात.

त्या दुपारी साहेब अंधाऱ्या खोलीत, श्यामराव दाराबाहेर. अर्क मिसळताच पहिल्या काही क्षणांतच यंत्रावर चमक मोजायची. मग ती उतरणीला लागते. आतून साहेब ओरडले, "आलो! आलो!"

श्यामरावानं अदबीनं दार सताड उघडलं.

बाहेरचं ऊन आत घुसलं. यंत्राचा काटा पार टोकाला जाऊन आदळला. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"अहो, काय केलंत हे?" कालिंदीताई धावत आल्या. त्या साहेबांच्या विद्यार्थिनी, घर मराठी, जन्म कलकत्त्याचा.

"सायबच म्हनलं की, आलो आलो. मंग दार उघडाया नगं?"

"बंगालीत आलो म्हणजे उजेड हो, श्यामराव!" ताईंना हसू आवरेना. त्यांनी उलगडून सांगितलं, तेव्हा साहेबही हसले. मग त्यांनी शेपटांची मोकळी बाटली उलटी करून दाखवली.

श्यामरावाला वाटलं, पुन्हा मेंढरंच की काय! मग तो खलाकडं वळला. वाळूला अजून वाटण चिकटलं होतं. त्यानं चार थेंब गार पाणी घातलं, बत्त्यानं रगडलं, फडक्यातून पिळलं. काचेच्या नळीच्या बुडाला कसंबसं थोडं उतरलं.

"एवढ्यानं होईल का?" ताईंनी विचारलं.

"हुईल. म्या कदी वाया घालवलंय व्हय?"

"आत्ताच घालवलंत की!"

या खेपेला साहेबांनी त्याला आतच बसवलं. दार लागलं. डोळे हळूहळू अंधाराला सरावले. साहेबांनी बियांचा अर्क सोडला आणि नळीच्या तळाशी हिरवट पिवळा उजेड हलकेच फुलला. पाण्याखालून कुणी कंदील घेऊन चाललंय, असा. हात कुठला, भिंत कुठली, काही कळेना. बी जिवंत होतं. काट्यानं आकडा दाखवला, ताईंनी चाचपडत लिहिला.

"पत्र उद्या," साहेब हिंदीत म्हणाले.

श्यामरावाला ऐकूच गेलं नाही. उजेड विरत चालला होता, आणि हा नळीला नाक लावून तो संपायची वाट बघत बसला होता.

"उठा आता," ताई म्हणाल्या, "भांडी कोण घासणार?"

"थांबा की वाईच," तो म्हणाला. "अजून हाय."