माइकला न ऐकू आलेला तारपा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या मोठ्या भावाचा तारपा बिघडलेला नव्हता. तो बिघडलाय असं मी त्याला सांगितलं, आणि त्याने ते खरं मानलं.

आमचा पाडा सूर्यमाळच्या उताराला. दादा तिथे भात-नाचणी करायचा आणि भात कापणीला आलं की तारपा वाजवायचा. वर भोपळा, त्यात फुंकायचं. खाली बांबूच्या दोन नळ्या. एकीवर बोटं फिरायची, दुसरी एकाच सुरात घुमत राहायची. दादा श्वास कधी घेतो ते कळत नसे, कारण सूर तुटतच नसे. नाचणारे हातात हात गुंफून त्याच्या मागे फिरायचे. तारप्याकडे पाठ करायची नाही, एवढं आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. तारपा वडिलांच्या हातचा होता. भोपळासुद्धा त्यांनीच वेलावर सांभाळून वाढवलेला.

मी शिकलो, मास्तर झालो, जव्हारला खोली घेतली. फोनच्या तारेतून इंटरनेट यायला लागलं तेव्हा जोडणीचा कॉम्प्युटर आणला. कॉलेजातला एक मित्र ठाण्यात राहायचा, कीबोर्ड वाजवायचा. मेसेंजरवर आमच्या गप्पा चालायच्या. एकदा म्हणाला, "तुझ्या भावाला माइकसमोर बसव ना. तो तिथून वाजवेल, मी इथून साथ देतो." मला ते फार आवडलं. दादाला निरोप धाडला.

दादा मोखाड्यात जीप बदलून आला. तारपा गोधडीत गुंडाळून मांडीवर आणलेला.

"जीपवाला म्हनला, गाठोडं टपावर टाक," तो सांगू लागला. "म्या म्हनलं, टपावर तू बस, हे हितं बसंल."

मी मशीन लावलं तर माइक मुकाच. डिव्हाइस मॅनेजर उघडला. साउंडच्या ओळीपुढे पिवळं प्रश्नचिन्ह. मदरबोर्डची सीडी शोधून ड्रायव्हर पुन्हा टाकला. मध्ये जे जे विचारलं त्याला न वाचता 'यस' म्हणत गेलो. मशीन बंद करून परत चालू केलं. प्रश्नचिन्ह गेलं, पण आवाज नाहीच. मग पाहिलं तर माइकची पिन निळ्या भोकात. ती काढून गुलाबीत घातली. तरी शांतता. रेकॉर्डिंगच्या खिडकीत माइकऐवजी 'लाइन इन'वर खूण होती, ती बदलली.

दादा खाटेवर बसून पाहत होता. "मास्तर, याला भगत लागंल," तो म्हणाला.

तेवढ्यात स्पीकरमधून मित्र बोलला, "आता स्वच्छ येतंय. हा भगत म्हणणारा कोण?"

दादा हसला. आता फक्त वाजवायचं राहिलं होतं. एक अडचण मला माहीत होती. इथला आवाज ठाण्याला पोचायला थोडा वेळ लागायचा, तिथला यायलाही तेवढाच. दोघांनी एकमेकांचं ऐकून वाजवलं की दोघंही मागे पडत जातात. म्हणून दादाला सांगितलं, तू आमचं काही ऐकूच नकोस, नुसता वाजव. तो तुझ्या मागून येईल.

"नाचनारे येतात तसा," दादा म्हणाला. त्याला लगेच कळलं.

त्याने फुंकलं. माझी ती पत्र्याची खोली इतकी भरली की खिडकीची काच थरथरायला लागली. मी कीबोर्डची वाट पाहत राहिलो. कीबोर्ड येईना.

"सुरू करा की," मित्र म्हणाला.

"अरे, चालूच आहे."

"नाही रे. दोन सेकंद आलं आणि गेलं. नळाचं पाणी जातं तसं."

मी दादाकडे पाहिलं. तो डोळे मिटून वाजवतच होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर माइक होता आणि त्या माइकला तो ऐकू येत नव्हता. मला विचित्रच वाटलं. दादाला थांबवून बोलायला लावलं. बोलणं स्वच्छ गेलं. परत तारपा, परत दोन सेकंद आणि मग काही नाही. माइक लांब केला, जवळ आणला, आवाज वाढवला, कमी केला. दर वेळी तेच.

माणूस ऐकू येतो, तारपा ऐकू येत नाही. म्हणजे खोट तारप्यात. मी असा हिशोब केला.

"दादा, हवा जातेय कुठंतरी. सूर धरत नाहीये."

"ऐक की. कुठं जाते?"

"आपल्या कानाला नाही कळत. मशीनला कळतं. ही घुमणारी नळी बंद करून बघू."

नळीजवळचं थोडं मेण नखाने काढून त्याने त्या नळीचं तोंड बुजवलं आणि फुंकलं. उरलेल्या एका नळीचा आवाज किरटा, उघडा वाटला. पण स्पीकरमधून मित्र म्हणाला, "आता येतंय बघ. मघाशी काय बिघडलं होतं?"

दादाने तोंडातून तारपा काढला. "म्हंजी खोट हितंच व्हती?"

"हो," मी म्हणालो.

त्या दिवशी पुढे काही वाजलं नाही. दादा चहाही न घेता गेला.

पुढच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, मी शाळेतल्या मुलांसाठी कविता वाचून रेकॉर्ड करत होतो. टेबलावरचा जुना पंखा घरघरत होता, आणि उकाडा इतका की बंद करवेना. ऐकून पाहिलं तर माझा आवाज होता, पंखा नव्हता. आधी बरं वाटलं. मग दादाचा तारपा आठवला. साउंडची ती सीडीबरोबर आलेली खिडकी मी पहिल्यांदा नीट उघडून वाचली. एका ओळीपुढे बरोबरची खूण होती. जो आवाज न बदलता चालू राहतो तो गोंगाट समजून काढून टाकायचा, असा त्या ओळीचा अर्थ. मी खूण काढली, पंख्यासमोर गप्प बसून रेकॉर्ड केलं. स्पीकरमधून पंखा घुमायला लागला.

मी कितीतरी वेळ तो पंखा ऐकत होतो. घुमणारी नळी बुजवल्यावर आवाज का पोचला तेही कळलं: न बदलणारा सूर तिचाच होता, आणि तो काढताना मशीन दुसऱ्या नळीलाही गिळत होतं. मशीनने दादाच्या सुराला पंखा समजलं होतं, आणि मी दादाला सांगितलं होतं की मशीनला कळतं.

रविवारी पाड्यावर गेलो, सांगायचं ठरवूनच. वहिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला. आत तारपा कुठे दिसेना. विचारलं तर ती म्हणाली, "तुमच्याकडून आले नि नळ्या काढल्या, मेण काढलं, परत बसवलं. दुरुस्त कराया गेले नि भोपळा मानेत तडकला. टाकला वर माळ्यावर." मग हळू आवाजात, "यंदा दुसऱ्या पाड्यावरचा वाजवनारा आनला. हे त्याच्या मागं सगळ्यांच्या शेवटाला नाचत व्हते."

दादा कुडाला काठ्या बांधत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मास्तर, इतकी वर्सं लोक चुकीच्या सुरावर नाचली रं. बोललं नाय कुनी."

"दादा, तसं नाही..."

"आरं, दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर म्या त्याला हाकलला असता. तू सांगितलंस म्हून पटलं." एवढं बोलून तो हसला. "आपला मास्तर खोटं नाय बोलायचा."

त्याने माझ्या एका शब्दावर स्वतःचे कान खोटे ठरवले होते, आणि हे मला त्या अंगणात उभं राहीपर्यंत सुचलंही नव्हतं. मी काठ्या धरायला बसलो. सांगायचं ते न सांगताच संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

तेव्हापासून दर दिवाळीला जातो. पाड्यावर तारपा वाजतो, दादा रांगेत शेवटी असायचा. आता त्याचे गुडघे दुखतात म्हणून तो नुसता बसून बघतो. कुणी आग्रह केला की सांगतो, "माजा सूर चुकीचा हाय, मशीनीत बघितलेला." ते सांगताना तो माझ्याकडे हात करतो, साक्षीदार म्हणून. मी मान हलवतो.

दादा हयात आहे. तारपा बरोबर होता, चूक माझी होती, एवढं त्याला सगळ्यांसमोर सांगायचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.