लपलेलं विमान

आयर्लंडमधल्या कासलबारजवळच्या आमच्या हँगरमध्ये ते आलं तेव्हा काळंकुट्ट होतं. शेपूट नाही, वैमानिकाची जागा नाही. नुसता एक भलामोठा पंख. युद्धात बॉम्ब टाकून आलेलं ते विमान आमच्या छोट्या कंपनीने बेटांवर औषधं आणि रक्त पोचवायला घेतलं होतं. त्याला पांढरा रंग दिला. जुनं सॉफ्टवेअर साफ करायचं काम माझ्याकडे आलं.

रेडिओचा संपर्क तुटला की खाली जायचं, आपला ठावठिकाणा कळवायचा नाही आणि गुपचूप लक्ष्य गाठायचं, असं त्याला शिकवलेलं होतं. ते मी काढून टाकलं. निदान माझी तशी समजूत होती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी बेटावरच्या नर्सचा फोन आला. एक बाई घरीच बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता. हेलिकॉप्टर दुसरीकडे अडकलेलं. आम्ही विमानात रक्ताची पेटी ठेवून ते सोडलं.

बाराव्या मिनिटाला स्क्रीनवरचा ठिपका नाहीसा झाला.

"येईल परत," माझा सहकारी म्हणाला. तो निवृत्त वैमानिक, सहसा न घाबरणारा.

ठिपका आला नाही. मी कोड उघडला. एकेक फाइल चाळत गेले. मग दिसलं. संपर्क तुटला की लपायची तीच आज्ञा दुसऱ्या एका फाइलमध्येही होती.

"ते लपतंय," मी म्हणाले.

"कुणापासून?"

"आपल्यापासून. माझं चुकलं."

पण पोचल्यावर ते उतरणार की पोटाचं दार उघडून पेटी बॉम्बसारखी वरूनच टाकणार, हे मला सांगता येईना. मी नर्सला फोन लावला. "विमान उतरतं त्या मैदानातून सगळ्यांना लांब करा. आणि फोन ठेवू नका."

तिकडून फक्त वारा ऐकू येत होता.

"आला गं युअर मॅन, तो तुमचा गडी!" ती एकदम ओरडली. "अगदी लाटांवरून आला. उतरला!"

"पेटी?"

"धड आहे. ग्रँड, एकदम ठीक." एवढं बोलून तिने फोन ठेवला.

बाई वाचली. संध्याकाळी तिला हेलिकॉप्टरने हॉस्पिटलात आणलं. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं आणि विमान उडवू नका म्हणाले. दोन महिने बसून ओळ न् ओळ वाचून काढली. आता ते पुन्हा उडतं. ते पोचल्याचा बेटावरून फोन येईपर्यंत मात्र मी फोनजवळून उठत नाही.