लिफ्टमामांचे कलम

आमच्या इमारतीला सहा मजले, एक लिफ्ट आणि ती चालवणारे एक लिफ्टमामा. कायदा खाते पाचव्या मजल्यावर. मी तिसऱ्यावर आवक-जावक सांभाळतो, त्यामुळे या प्रकरणातला जवळजवळ प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून गेला आहे.

मामा माणसांना मजल्याने ओळखत. "चौथा आज लवकर गेला," असे म्हणत. प्रवाशांशी बोलायचे नाही, हा लिफ्टवाल्याचा नियम त्यांनी एकोणतीस वर्षे इतका कडक पाळला की नव्या लोकांना ते मुके वाटायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. एका गिऱ्हाइकाला तिने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या द्यायला नकार दिला. तो गेला आणि तासाभराने सुरा घेऊन परत आला. त्याला जन्मठेप झाली. साहेब लोकांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला, न्याय झाला असे सांगितले आणि जाळी ओढायला लावून आपापल्या मजल्यावर गेले.

सहा वर्षांनी मामी किराणा दुकानात रांगेत उभ्या होत्या. मागून कोणीतरी विचारले, "काय, बऱ्या आहात ना?" वळून पाहतात तो तोच. चौदा दिवसांच्या पॅरोलवर सुटला होता. तो त्याचा चौथा दिवस. मुलीच्या आईबापाला हे कळवावे असे कोणाला वाटले नव्हते, कारण तसा नियम नव्हता. आमच्याकडे माणसाला काय वाटावे हेही नियमात असावे लागते. मामी त्यानंतर दोन महिने उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत.

मामांनी अर्ज केला: खुनी सुटणार असेल तर मेलेल्याच्या घरच्यांना आधी कळवा. एवढीच मागणी. पाचव्या मजल्याने तो "योग्य त्या कार्यवाहीसाठी" तुरुंग खात्याकडे पाठवला, तुरुंग खात्याने "धोरणात्मक बाब" म्हणून पाचव्याकडे परत पाठवला. असा तो माझ्या वहीतून सात वेळा गेला आला. आठव्या वेळी मामांनी तोंड उघडले.

पद्धत साधी. एका फेरीला एकच वाक्य. तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत चाळीस सेकंद लागतात आणि तेवढ्यात साहेबाला कुठे जाता येत नाही. "साहेब, खुनी सुटला हे आधी कोणाला कळतं? त्याच्या बायकोला." दुसऱ्या दिवशी: "साहेब, फाइल आपल्या खिडकीजवळच्या कपाटात आहे, खालचा कप्पा."

पाचव्याचे उपसचिव एकदा वैतागून म्हणाले, "मामा, लिफ्टमध्ये राजकारण नको."

"राजकारण पाचव्यावर, साहेब," मामा म्हणाले. "मी फक्त तिथपर्यंत सोडतो."

महिन्याभरात पाचवा मजला जिन्याने चढू लागला. उपसचिवांना डॉक्टर दहा वर्षे चालायला सांगत होते, ते काम मामांनी फुकटात केले. पण जिना प्रत्येक मजल्याच्या दारावरून जातो आणि तिथे आता माणसे उभी राहू लागली होती. मामांसारखीच. कोणाचा मुलगा गेलेला, कोणाची बहीण. अकरा घरे जमली. रविवारी मामांच्या दोन खोल्यांत बसून ती अर्ज लिहीत आणि सोमवारी मी ते आवक करी.

शेवटी नव्या कायद्याचा मसुदा निघाला. मामांनी माझ्या टेबलाशी उभे राहून नववे कलम वाचले: पीडिताच्या कुटुंबास सुटकेनंतर सात दिवसांच्या आत कळवावे.

"म्हणजे वरातीमागून घोडं," ते म्हणाले आणि कागद नीट घडी करून मला परत दिला.

मसुद्यावरच्या सूचना ऐकायला समिती आमच्याच इमारतीत बसली. यादीत मामांचे नाव चौथे होते. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. बदली माणूस नाही आणि समितीला वर न्यायचे आहे, म्हणून ती नामंजूर झाली. त्यामुळे चौथे नाव पुकारले गेले तेव्हा मामा अध्यक्षांचा चहा घेऊन दुसऱ्या मजल्यापाशी होते. कारकुनाने त्यांच्या नावापुढे "गैरहजर" लिहिले. मी खाली जाऊन त्यांना ते सांगितले.

त्यांनी चहाचा ट्रे माझ्या हातात दिला, लिफ्टला कुलूप घातले, किल्ली खिशात टाकली आणि जिना चढून थेट समितीपुढे उभे राहिले.

अध्यक्ष तसे सभ्य गृहस्थ. समजुतीच्या सुरात म्हणाले की सात दिवस म्हणजे काही फार नव्हे, कागद हलायला वेळ लागतो.

"माझ्या बायकोला तो चौथ्या दिवशी भेटला," मामा म्हणाले. "त्याला यायला वेळ लागला नाही."

उपसचिवांनी आधी कळवणे प्रशासकीयदृष्ट्या अवघड असल्याचे सांगितले. मामा त्यांच्याकडे वळले.

"साहेब, त्याला सोडायची तारीख तुम्हाला माहीत नसते का? का तुरुंगाचं दार आपोआप उघडतं?"

उपसचिवांनी फाइल उघडली, दोन पाने उलटली आणि मिटली.

कायद्यात "किमान तीन दिवस आधी" असे आले. समितीच्या संवेदनशीलतेबद्दल भाषणे झाली, पाचव्या मजल्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्याच आठवड्यात लिफ्ट पंचवीस मिनिटे बंद ठेवल्याबद्दल मामांना मेमो मिळाला. त्यांनी खाली "मान्य" लिहून सही केली.

पुढच्या वर्षी पत्र आले: सोमवारी पुन्हा पॅरोलवर सुटका. मामा म्हणाले, दोन आठवडे तुझ्या भावाकडे जाऊ. मामींनी पत्र दोनदा वाचले.

"आपण कशाला जायचं? गुन्हा आपण केलाय का?"

सोमवारपासून त्या रोज नेहमीच्या वेळी दुकानात गेल्या. एकट्या नाही, अकरा घरांतल्या चौघी बरोबर असायच्या. बुधवारी तो आला. या वेळी मामींनी त्याला आधी पाहिले. पाचही बायका वळल्या आणि त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. दुकानदाराचा हात तराजूवरच थांबला. त्या माणसाने हातातले सामान काउंटरवर ठेवले आणि तो निघून गेला.

"बघत काय बसलात," मामी दुकानदाराला म्हणाल्या, "दोन किलो साखर द्या. आणि वजन नीट करा."