मामांच्या इंजिनाचा छत्तिसावा फोटो

मी बारावीला फिजिक्समध्ये दोनदा नापास झालो, आणि तरीही लातूरच्या बऱ्याच डॉक्टरांच्या यशात माझा वाटा आहे. (शिकवणी मी कधीच घेतली नाही. घाबरू नका.)

नांदेडला माझा फोटो स्टुडिओ. बायको सुमन लातूरची. तिचे वडील, म्हणजे आमचे मामा, लातूर–कुर्डुवाडीच्या छोट्या लाईनवर कोळशाच्या इंजिनाचे ड्रायव्हर होते. माणसाचा जन्म इंजिनावर गेला, पण इंजिनाबरोबर एक फोटो नाही! लग्नातला फोटो होता, रेल्वेच्या पासावरचा होता, रिटायर झाले तेव्हाचा गळ्याएवढ्या हारातला होता. त्या हारातल्या फोटोत तर शेजारी स्टेशनमास्तरांची सायकलसुद्धा आली होती. इंजिन तेवढं नव्हतं.

लाईनवर डिझेल येऊन बरीच वर्षं झाली होती. डबे इकडून तिकडे ढकलायला म्हणून एकच कोळशाचं इंजिन लातुरात उरलं होतं. भूकंपाच्या पुढच्या वर्षी तेही कुर्डुवाडीला न्यायचं ठरलं, भंगारात. ही बातमी चाँदभाईंनी आणली. चाँदभाई एके काळी मामांच्या हाताखाली इंजिनात कोळसा टाकायचे, आता स्वतः ड्रायव्हर झाले होते.

"मामा, बुधवारी सकाळी घेऊन निघालो तिला. पुन्हा काय दिसायची न्हाई आपल्याला."

मामा दोन दिवस जेवले नाहीत नीट. मग मला म्हणाले, "जावईबापू, एक फोटू काढता का? मी आन् ती. बास, दुसरं काय न्हाई."

लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण मामांनी माझ्याकडे काही मागायची ही पहिलीच वेळ. मला भरून आलं. आणि मला भरून आलं की मी बोलायला लागतो, हा माझा जुना रोग आहे.

त्यातून या विषयात मी स्वतःला मोठा जाणकार समजायचो. कारण असं की मागे नांदेडला मीटरगेजची इंजिनं टिपायला एक इंग्रज गृहस्थ आले होते आणि मी आठ दिवस त्यांच्या कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर वाहिला होता. (स्टँड वाहता वाहता जेवढं कानावर पडलं, तेवढं माझं इंग्रजी रेल्वेच्या इतिहासाचं ज्ञान. स्टुडिओत गिऱ्हाईक हनुवटी वर करून बसलं की मी तेच सांगायचो. बिचाऱ्याला हलता येत नसे.)

"मामा, विलायतेत बंद पडलेल्या लाईनी लोकांनी पुन्हा सुरू केल्यात. रिटायर झालेले मास्तर, डॉक्टर रविवारी येऊन इंजिनात फुकट कोळसा टाकतात!"

"फुकट?" मामांनी सुपारी कातरायची थांबवली. "कशापायी? शिक्षा झाली का त्यास्नी?"

"हौस असते, मामा."

"माझी पाठ बगा म्हणावं एकदा. हौस फिटंल."

"आणि तिथं एका लाईनच्या उद्घाटनाला एक मोठा पुढारीच इंजिनाखाली आला होता!"

"आपल्याकडं तसं व्हायचं न्हाई," मामा शांतपणे म्हणाले. "आपला पुढारी वेळेवर आलाय कधी?"

मी हार मानणारा नव्हतो. "अगदी सुरुवातीच्या एका गाडीपुढं तर म्हणे एक माणूस हातात झेंडा घेऊन घोड्यावरून पळत होता! लोकांनी बाजूला व्हावं म्हणून!"

मामांनी पुन्हा सुपारी कातरायला घेतली. पण त्यांनी ते लक्षात ठेवलं. माणसानं सासऱ्यापुढं काय बोलावं याचा विचार करून बोलावं, हे मला फार उशिरा कळलं.

त्या इंग्रजाकडून मी एक युक्ती शिकलो होतो. इंजिन मागे न्यायचं, भट्टीत भरपूर कोळसा टाकायचा आणि काळा धूर सोडत, शिट्टी देत जोरात कॅमेऱ्यासमोरून आणायचं. चाँदभाई लगेच कबूल झाले. "मामा खुद चलाएंगे! मी निस्ता बाजूला उभा ऱ्हातो."

जागाही झकास होती. मामांच्या घरासमोर मोकळं मैदान, मैदानाच्या पलीकडे रूळ. डावीकडे गल्ली, उजवीकडे लाईन. मैदानाच्या टोकाला कॅमेरा लावायचा, म्हणजे लांबून येणारं इंजिन, धूर, मामा, सगळं एका फ्रेममध्ये. कॅमेऱ्यापाशी सुमन थांबणार. मी मैदानाच्या मध्ये. इंजिन लिंबाच्या झाडापाशी आलं की मी हात वर करणार आणि सुमन बटण दाबणार.

"गल्लीत सांगून या की आधी," सुमन म्हणाली. "इंजिन जोरात येणार हाय, घाबरू नका म्हणावं."

"अजिबात नाही! सांगितलं की सगळी गल्ली मैदानात येऊन उभी राहील. फ्रेम बिघडेल."

"अहो, लोकांच्या मनात अजून—"

"सुमे, फोटोग्राफर तू का मी?"

तिच्या मनात काय होतं ते सांगतो. किल्लारीकडे जे झालं त्यानंतर लातुरात कुणाची झोप धड राहिली नव्हती. घराघरात ट्रंकेवर भांड्यांची उतरंड लावलेली असायची. खाली पातेलं, त्यावर तांब्या, त्यावर वाटी, वाटीत चमचा. जमीन हलली की उतरंड पडणार, उतरंड पडली की पळायचं. पळायचं कुठं, तर मोकळ्या मैदानात. त्या भीतीला मी हसत नाही, हसूही नये. हसायचंच तर गल्लीत मोकळं मैदान एकच होतं आणि ते मी फोटोसाठी राखून ठेवलं होतं, याला हसा.

बुधवारी सकाळी आठाला आम्ही तयार. मामांनी जुना निळा गणवेश घातला होता. पोटावरची गुंडी लागत नव्हती, ती मामींनी टाचणीनं अडकवली. इंजिनाला त्यांनी हात लावला आणि तोंड फिरवून उभे राहिले. मी कॅमेऱ्याच्या मागे होतो म्हणून बरं, नाही तर माझंही दिसलं असतं.

पण मग माझ्यातला कलावंत जागा झाला. चाकांचे फोटो काढले, दांड्यांचे काढले, शिट्टीचा काढला, धुराड्याचे तीन वेगवेगळ्या बाजूंनी काढले. चाँदभाईंच्या फावड्याचासुद्धा काढला! रोल छत्तीस फोटोंचा. मोजून पाहिलं तर पस्तीस संपले होते.

"दुसरा रोल हाय ना?" सुमननं विचारलं.

"लागतच नाही. खरा फोटोग्राफर एकच काढतो."

(दुसरा रोल नांदेडला टेबलावर होता.)

मामा इंजिनावर चढले. इंजिन मागे गेलं. भट्टीत कोळसा पडला. आणि मामांनी, कित्येक वर्षांनी हातात वाफ आलेल्या मामांनी, ती सगळी एकदम सोडली!

दवाच्या ओल्या रुळावर चाकं जाग्यावरच गरगरली. धडधडधडधड! मैदान हललं. माझ्या चपला हलल्या. वर ती शिट्टी! डिझेल रोज हळूच जायचं, त्याची गल्लीला सवय होती. हे काही वेगळंच होतं. पहिली उतरंड आमच्याच घरातली पडली, आणि आमच्या मामी, ज्यांना सगळा बेत ठाऊक होता, ज्यांनी टाचणी लावून दिली होती, त्या ओरडत बाहेर आल्या, "हलायलंय! हलायलंय! पळा!"

झालं! घराघरातून भांडी पडल्याचा आवाज आणि पाठोपाठ अख्खी गल्ली मैदानात! एक गृहस्थ टीव्ही छातीशी धरून, एक बाई लोणच्याची बरणी घेऊन. शिवाय गल्लीतल्या प्रत्येक घरात क्लासची पोरं भाड्यानं राहायची, एका खोलीत सहा-सहा. उदगीरची, देवणीची, चाकूरची, अहमदपूरची. तीही पळत सुटली, हातात फिजिक्सच्या नोट्स घेऊन! जिवावर बेतलं तरी नोट्स सोडायच्या नाहीत, ही लातूरची शिकवण. एक तर पळता पळता वाचत होता.

आता त्या सगळ्या मैदानात खरा प्रकार माहीत असलेला एकच शहाणा माणूस उभा होता. इंजिन त्यानंच मागवलं होतं. धूर त्यानंच करायला सांगितला होता. आणि तो आधीपासूनच मोकळ्या जागेत होता, म्हणजे भूकंप खरा असता तरी त्याला जागचं हलायची गरज नव्हती.

तो माणूस दोन्ही हात वर करून बोंबलत घराकडे पळाला.

का, ते मला आजही सांगता येत नाही. नांदेडच्या माणसाला पळायची सवय नव्हती, एवढंच म्हणू शकतो. गल्ली उजवीकडे धावत होती, मी एकटा तिच्यातून वाट काढत डावीकडे. माझे वर गेलेले हात पाहून सुमननं, सांगितल्याप्रमाणे, बटण दाबलं.

"अहो, इकडं मोकळं हाय!" ती मागून ओरडत होती. "घरात कुठं शिरताव!"

मी थेट बाजेखाली शिरलो. तिथून मला मामींनी पायाला धरून ओढून काढलं. तोवर बाहेर गल्लीला सगळा उलगडा झाला होता आणि टीव्हीवाले गृहस्थ मला शोधत होते.

इंजिन तसंच पुढे निघून गेलं. मामा पुढच्या फाटकापाशी उतरून चालत परत आले. तोंड काजळीनं काळं, डोळे लाल. कुणी काय काय सांगत होतं, त्यांनी ऐकलंच नाही. म्हणाले, "आला का फोटू?"

मी सुमनच्या हातातला कॅमेरा घेऊन पिशवीत घातला.

नांदेडला येऊन रोल धुतला. पस्तीस फोटो लख्ख आले होते. फावड्याचा तर अप्रतिम! छत्तिसाव्यात समोर पळणारी गल्ली, मध्ये उलट दिशेनं निघालेला मी, आणि पार मागे इंजिन. मामा कुठे? धुरात गेलेले. इंजिनाच्या खिडकीतून बाहेर आलेला त्यांचा हात तेवढा दिसत होता. मी त्या हाताकडे बघत बसलो आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

फोटो वाळत टांगला होता, तेवढ्यात लातूरचे एक क्लासवाले सर आले. त्यांच्या गुणवंतांचे फोटो मी काढायचो. सरांनी फोटो पाहिला आणि खुर्ची ओढून बसले.

"अरे, पोरं काय पळायलेत! हातात नोट्स! असा फोटो पैसे देऊन मिळत नाही! आणि हा उलटा पळणारा येडा कोण?"

मी अर्धवट अंधारात उभा होतो. म्हणालो, "असेल कुणी तरी, सर."

इथंच माझा घात झाला. एकदा ओळख नाकारल्यावर तक्रार कोणत्या तोंडानं करणार?

"मागचं ते काळं-काळं काढून टाका," सर म्हणाले. "इंजिनाचं आपल्याला काय करायचंय?"

महिन्याभरात ते पोस्टर भिंतीभिंतीवर लागलं. लातूर, चाकूर, लोहा, आमच्या नांदेडचा एसटी स्टँड, सगळीकडे! वर मोठ्या अक्षरात 'यशाकडे धावणारं लातूर!' आणि माझ्याभोवती लाल गोल काढून खाली लिहिलं होतं, 'तुम्ही चुकीच्या दिशेला तर जात नाही ना?'

मामांनी ते लातूरच्या स्टँडवर बघितलं आणि तिथूनच फोन केला.

"माझं इंजिन कापलं, माझा हात कापला, आन् तुमाला ठिवलं?"

मी माफी मागितली, अगदी मनापासून. आख्खा फोटो मोठा करून, चौकट घालून त्यांच्या भिंतीवर नेऊन लावला. मामा पाहुण्यांना दाखवायचे, "ह्यो माझा हात." पाहुणे मात्र मध्येच बोट ठेवून विचारायचे, "आन् ह्ये पोस्टरमधलं येडं हितं कसं?" इंजिनाबद्दल कुणी विचारतच नव्हतं. त्याचं मला वाईट वाटायचं, अजूनही वाटतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मामांचे डोळे दाखवायला लातुरात एका तरुण डॉक्टरांकडे गेलो. मामा वाकले होते, काठी आली होती. डॉक्टर त्यांना सोडून माझ्याकडेच बघत होते.

"माफ करा, पण त्या पोस्टरवरचे तुम्हीच ना? लाल गोलातले?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण मामा बाजूला होते.

"सर, बारावीला तुमचा फोटो माझ्या टेबलासमोर चिकटवलेला होता!" डॉक्टर उठून उभेच राहिले. "झोप आली की तुमच्याकडं बघायचो. म्हणायचो, असं व्हायचं न्हाई. आमच्या रूममधले चारही जण डॉक्टर झालो!"

मी नम्रपणे मान लववली. दुसरं काय करणार!

"पण तुम्ही उलटे का पळत होता?"

तेव्हा मामांनी काठी टेकवली आणि घसा साफ केला. "डॉक्टरसाहेब, त्या फोटूत मागं एक इंजिन हुतं. कापलं त्यांनी. ते मी चालवीत हुतो."

"तुम्ही? कोळशाचं इंजिन?" डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. बाहेर पेशंट ताटकळत होते, पण मामा सांगत राहिले. वाफ, भट्टी, ओले रूळ, धुराबाहेर काढलेला हात, सगळं. इतक्या वर्षांनी कुणी तरी विचारलं होतं. मामांचा आवाज ड्रायव्हरचा झाला होता, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "आणि हे सर?"

मामांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"विलायतेत पयल्या गाडीम्होरं घोडा पळाला हुता म्हणं. आमच्या शेवटच्या गाडीम्होरं जावई पळाला."

घोडा निदान बरोबर दिशेनं तरी पळाला होता, एवढं मात्र मामा बोलले नाहीत. जावयाचा मान त्यांनी शेवटपर्यंत राखला!