आत्याच्या पायाच्या मुंग्या थांबल्या तेव्हा

"करडई टोचती म्हनून चिंध्या बांधल्यावर रान कसं व्हायचं?" असं आत्या म्हणाली होती, मी दहावीत असताना. करडईच्या काढणीला सगळे पायांना चिंध्या गुंडाळून उतरायचे, ही मात्र अनवाणी... काटा लागला की एक शिवी हासडायची, उपटून फेकायची आणि पुढे चालायची.

मागच्या महिन्यात गंगाखेडजवळ तिच्या गावी गेले होते. ती रानातून आली, ओसरीवर बसली आणि मागे फरशीवर रक्ताचे ठसे... टाचेत काटा मोडला होता, तिला पत्ताच नव्हता.

"हळदीचा गुन हाय बघ. मुंग्या बी गेल्या अन् काटं बी टोचंनात!" ती खुशीत होती. शुगर तिला बारा वर्षांपासून आहे.

इथे मला माझं सांगायला हवं. मागच्या वर्षी मीच इथे लिहिलं होतं, की रोज हळद-मेथी घेऊन आत्याच्या पायांची आग आणि मुंग्या थांबल्या. तुम्ही ती पोस्ट भरभरून पुढे पाठवलीत. फिरत फिरत ती आत्याच्याच मोबाइलवर पोचली... आणि स्वतःचीच गोष्ट वाचून तिने शुगरची गोळी एक दिवसाआड केली.

दुसऱ्याच दिवशी तिला परभणीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काटा काढला. मग तिला डोळे मिटायला सांगून तळपायाला नायलॉनचा बारीक दोरा टेकवत गेले. अंगठा, चवडा, टाच...

"लावा की हो डाक्टरसायब, कवाधरनं डोळे मिटून बसले मी," आत्या म्हणाली.

मी तिचा हात घट्ट धरला.

हळद-मेथी जेवणात जरूर असू द्या, डॉक्टर म्हणाले. त्यांतल्या घटकांचा नसांना किती उपयोग होतो, यावर अभ्यास चालू आहे. पण मुंग्या नस सुधारली तरी थांबतात आणि नस बधिर झाली तरी थांबतात... ते तपासल्याशिवाय कळत नाही.

आता जखम भरतेय, गोळी रोज चालू आहे. संध्याकाळी ती व्हिडिओ कॉलवर मला तळपाय दाखवते, "घे बाई दर्शन" म्हणत. हे पाय आम्ही सांभाळू, मला खात्री आहे.

माझी ती पोस्ट मी काढून टाकली. तुम्ही ती ज्या ग्रुपवर पाठवलीत, तिथे आज स्वतःच्या नावाने लिहाल का, की आपण चुकीचं पाठवलं होतं? नाही लिहिणार, माहीत आहे... तरी मागते आहे.