मयताच्या बातम्या खरवडणारा

समोरच्याच्या नाकाशी मोबाइल धरून तो म्हणायचा, "साइट सगळ्यांना ओपनच आहे ना, सर?" तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. माझा तर तो शेजारी, आणि वर विद्यार्थी. शिकवल्याची लाज वाटावी असा.

वसईतल्या आमच्या गावाची वेबसाइट मी चालवतो. लग्नं, चर्चमधल्या मिस्सांच्या वेळा, आणि मुख्य म्हणजे मयताच्या बातम्या. कोण गेलं, मुलं कुठे असतात, दफन किती वाजता. ते वाचूनच परगावची माणसं निघतात.

त्याने एआय असिस्टंटला वेबसाइटी खरवडणारं, म्हणजे त्यांवरची माहिती आपोआप गोळा करणारं टूल जोडलं. "नुसतं सांगायचं, सर. मयत झालंय, बागायतीची वाडी आहे, मुलं परदेशात, अशी घरं काढ. चहा गार व्हायच्या आत यादी!" ती यादी तो जमिनीच्या दलालांना देई. आमच्या गासमधल्याच एका बाईला नवऱ्याच्या शवपेटीशेजारी बसलेली असताना फोन आला, वाडी विकायची का म्हणून.

मी त्याला चारचौघांत झापलं. तो हसला. "मी कुठे कुलूप तोडलं? तुम्हीच टाकलंत ना?" मेल्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. पण त्या रात्री मला झोप आली नाही, हेही खरं.

मग एका सकाळी तो दारात आला. मोबाइल खिशात होता.

"आई गेली, सर."

ती वसईच्या बाजारात भाजी विकायची. दर नाताळाला माझ्यासाठी सुकेळी, घरी वाळवलेली केळी, आणायची.

"साइटवर घालू नका," तो म्हणाला. "वाडी तिच्या नावावर आहे. पप्पांना सोडणार नाहीत ते दलाल."

"मग बंद कर ना तुझं यंत्र!"

"दलालांना विकलंय. आता त्यांच्याकडेच चालतं."

'ओपनच आहे ना?' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. त्याच्यासाठी नव्हे, तिच्यासाठी.

बातमी घातली नाही. दफनाला घरचीच मोजकी माणसं होती. आठवड्याभरात तो वडिलांना घेऊन विरारला राहायला गेला. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर बाजारातल्या तिच्या शेजारणी आल्या. शिव्या मीच खाल्ल्या. त्यातल्या दोन-तीन त्याच्यासाठी राखून ठेवल्या आहेत. मग त्यांना दफनभूमीत घेऊन गेलो. सगळ्यांत म्हातारी खाली बसली, मातीवरून हात फिरवत राहिली.

"रागावू नको, बाय," ती म्हणाली, "आम्हाला कुनी सांगितलंच नाय."